टोलनाक्यावरची रांग
‘ऑब्जेक्ट’ या कल्पनेचा जन्म आणि तिचे शिक्षण

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची एक गोष्ट आहे. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग’ हे प्रकरण आले की विद्यार्थी चार व्याख्या पाठ करतात. एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम. परीक्षेत या व्याख्यांना गुणही मिळतात. पण त्याच विद्यार्थ्याला, ‘शाळेच्या ग्रंथालयातील देवघेवीचा प्रोग्रॅम लिहायचा आहे, सुरुवात कोठून करशील?’ असे विचारले, तर तो गप्प बसतो. मग आपण म्हणतो की विषय अवघड आहे, किंवा विद्यार्थी कच्चा आहे. विद्यार्थीही तसेच समजतो आणि पुष्कळदा कायमचा दूर जातो.

या दोहोंपेक्षा वेगळेही एक कारण असू शकते. ही कल्पना माणसांना ज्या क्रमाने सुचत गेली, त्याच्या जवळजवळ उलट क्रमाने ती पाठ्यपुस्तकात मांडलेली असते. विज्ञानाच्या इतर विषयांप्रमाणे येथेही इतिहास पाहिला, तर नवशिक्याला नेमके काय अडते आणि का अडते, हे समजायला मदत होते.

आज्ञांची यादी

सुरुवातीच्या काळातील प्रोग्रॅम म्हणजे आज्ञांची यादी असे. हे घे, त्यात ते मिळव, उत्तर अमुक असेल तर दहाव्या ओळीवर जा. पाककृतीसारखाच हा प्रकार. साहित्य एका बाजूला लिहिलेले आणि कृती दुसऱ्या बाजूला. गणिती आकडेमोडीसाठी ही पद्धत उत्तम होती आणि आजही आहे. क्षेपणास्त्राचा मार्ग काढायचा किंवा समीकरणे सोडवायची, तर एकामागून एक पायऱ्या सांगणे हेच सोयीचे.

पण सगळेच प्रश्न असे नसतात. बंदरात जहाजे येतात, धक्का मोकळा होण्याची वाट पाहतात, माल उतरवून निघून जातात. एकाच वेळी अनेक गोष्टी घडत असतात. जहाज स्वतःच्या गतीने चाललेले असते, क्रेन स्वतःच्या. याची एकच सलग पाककृती कशी लिहिणार? नेमक्या याच अडचणीतून आपल्या विषयाचा जन्म झाला, आणि तो झाला नॉर्वेत.

ग्राहक आणि खिडक्या

क्रिस्टन न्यूगोर हे १९४८ साली नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाले. नॉर्वेच्या पहिल्या अणुभट्टीसाठी लागणारी काही आकडेमोड त्यांच्याकडे आली. तीत ‘माँटे कार्लो’ पद्धत वापरली होती. यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांच्या साहाय्याने एखादी घटना कागदावर पुन्हा पुन्हा घडवून पाहायची आणि त्यावरून सरासरी काढायची, अशी ही पद्धत. पुढे ते कामकाजाच्या व्यवस्थांचा गणिती अभ्यास करण्याकडे वळले आणि १९६० साली ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आले. अशा व्यवस्थांचे नेमके वर्णन करता यावे आणि तेच वर्णन संगणकावर चालवूनही पाहता यावे, अशी एक भाषा हवी, ही त्यांची गरज होती. १९६२ च्या जानेवारीत लिहिलेल्या एका पत्रात या भाषेचा पहिला उल्लेख सापडतो. तिचे नाव ठरले ‘सिम्युला’. ती प्रत्यक्षात उतरवण्यासाठी त्यांना ओले-योहान दाल हे कुशल प्रोग्रॅमर सहकारी लाभले.

दोघांची पहिली मांडणी साधी होती. जगात दोन प्रकारच्या गोष्टी आहेत असे समजा. एक ‘स्टेशन’, म्हणजे काम करणारी खिडकी. दुसरा ‘ग्राहक’, म्हणजे एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे जाणारा. खिडकी सक्रिय, ग्राहक निष्क्रिय. ग्राहकाने फक्त रांगेत उभे राहायचे.

मग एकेक उदाहरण तपासताना त्यांच्या लक्षात आले की ही विभागणी टिकत नाही. त्यांच्या चर्चेत पुलावरच्या टोलनाक्याचे एक उदाहरण होते. नाक्यावर ट्रक आणि बस यांची रांग लागली आहे. येथे सक्रिय कोण? नाक्यावरचा कारकून की वाहन? नाक्याच्या बाजूने पाहिले तर वाहने केवळ येतात आणि जातात. पण वाहनाच्या बाजूने पाहिले तर ते स्वतः प्रवास करते आहे आणि नाका हा वाटेतला एक थांबा आहे. दोन्ही वर्णने बरोबर आहेत. म्हणून १९६४ च्या सुमारास त्यांनी हा भेदच काढून टाकला. खिडकी असो वा ग्राहक, दोघांनाही त्यांनी ‘प्रोसेस’ म्हटले. प्रत्येकाजवळ स्वतःची माहिती आणि प्रत्येकाला स्वतःचे वागणे. आज आपण ज्याला ऑब्जेक्ट म्हणतो ते हेच.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या टप्प्यावर इनहेरिटन्स नव्हता, पॉलिमॉर्फिझम हा शब्द नव्हता. होता तो एकच प्रश्न: या व्यवस्थेत कोण कोण आहे, प्रत्येकाला काय माहीत आहे आणि प्रत्येकजण काय करतो?

समान भाग वेगळा काढणे

सिम्युलाची पहिली आवृत्ती १९६५ च्या आरंभी वापरात आली. ती वापरताना पुढची अडचण पुढे आली. टोलनाक्यावरची वाहने रांगेत उभी करायची तर प्रत्येकाला आपल्या पुढे कोण आणि मागे कोण, हे माहीत हवे. ट्रकलाही ते हवे, बसलाही हवे. पण ट्रकला भाराचे वजन लागते, तर बसला प्रवाशांची संख्या. रांगेत उभे राहण्याविषयीचा तोच मजकूर ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा एकदा का लिहावा?

इंग्लंडचे संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी याच सुमारास माहितीच्या नोंदी आणि त्यांचे उपप्रकार यांविषयी काही कल्पना मांडल्या होत्या. त्यांचा विचार करत असताना, १९६६ च्या अखेरीस, दाल आणि न्यूगोर यांना उत्तर सापडले. ऑब्जेक्टचे दोन थर करायचे. रांगेत उभे राहण्यासाठी लागणारा समान थर एकदाच लिहायचा आणि ट्रक किंवा बस यांच्या वर्णनाच्या आधी तो जोडून द्यायचा. मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लायसेबू येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी ‘क्लास’ आणि ‘सबक्लास’ या नावांनी ही कल्पना मांडली. ‘सिम्युला ६७’ ही भाषा त्यातून सिद्ध झाली.

म्हणजे इनहेरिटन्स हा विषयाचा पाया नव्हे. अनेक ऑब्जेक्ट लिहून झाल्यावर, त्यांत तेच ते पुन्हा येते आहे असे दिसल्यावर, केलेली ती सोय आहे. ज्याने अजून दोन ऑब्जेक्टही लिहिलेले नाहीत, त्याला ही सोय कशासाठी आहे हे कळणार तरी कसे?

न्यूगोर यांच्या कथेचा आणखी एक भाग सहसा सांगितला जात नाही. सिम्युलाच्या साहाय्याने कारखान्यांतील कामाची आखणी होऊ लागली, तेव्हा त्या आखणीचा परिणाम कामगारांच्या आयुष्यावर होणार हे त्यांच्या ध्यानात आले. १९७० नंतर त्यांनी नॉर्वेतील लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. संगणकाच्या योजना कामगारांना समजाव्यात आणि त्यांवर त्यांना आपले मत देता यावे, असा त्यामागे हेतू होता. व्यवस्थेच्या वर्णनात कोणाला सक्रिय मानायचे आणि कोणाला नुसते रांगेत उभे करायचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पेशींसारखे संगणक

आता आपण अमेरिकेत जाऊ या. १९६६ साली ॲलन के नावाचा विद्यार्थी युटा विद्यापीठात दाखल झाला. त्याची पदवी गणित आणि रेण्वीय जीवशास्त्र या विषयांची होती. तेथे आल्याबरोबर त्याच्या हाती दोन गोष्टी पडल्या. एक होता आयव्हन सदरलँड यांचा १९६३ सालचा ‘स्केचपॅड’ हा चित्ररेखाटनाचा प्रोग्रॅम. त्यात एक मूळ आकृती करून तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येत आणि मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलत. दुसरी गोष्ट म्हणजे एका फितीवरचा एक प्रोग्रॅम. तो अल्गॉल भाषेचा असावा अशी समजूत होती, पण प्रत्यक्षात तो सिम्युला निघाला. त्याचा सुमारे ८० फूट लांबीचा छापील कागद के आणि त्याच्या सहाध्यायाने व्हरांड्यात पसरला आणि त्यावर रांगत तो वाचून काढला.

जीवशास्त्राच्या अभ्यासकाला यात काय दिसले? त्याला पेशी दिसली. शरीरात असंख्य पेशी असतात. प्रत्येकीला आवरण असते. आतले व्यवहार आत चालतात आणि बाहेरच्यांशी संबंध येतो तो रासायनिक संदेशांनी. एक पेशी दुसरीच्या आत शिरून तेथले काम करत नाही. प्रोग्रॅमही असाच असावा, असे के यांना वाटले. जणू अनेक छोटे छोटे संगणक असून ते एकमेकांना केवळ संदेश पाठवत आहेत. पाठ्यपुस्तकातील ‘एन्कॅप्सुलेशन’ हा जड शब्द म्हणजे हे पेशीचे आवरणच होय. जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात सहज वापरता येईल. पुढे १९९८ साली के यांनी असेही नमूद केले, की ‘ऑब्जेक्ट’ या शब्दामुळे लोकांचे लक्ष भलतीकडे गेले. महत्त्वाचा होता तो संदेश.

ज्यो नावाचा चौकोन

१९६८ साली के यांनी सेमूर पॅपर्ट यांचे काम पाहिले. पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी ‘लोगो’ या भाषेतून लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवत होते. मुले खऱ्याखुऱ्या गणिती कल्पना हाताळत होती. संगणक म्हणजे कपाटाएवढे यंत्र असा तो काळ. त्या काळात के यांनी वहीएवढ्या आकाराच्या, मुलांच्या हाती देता येईल अशा संगणकाची कल्पना रेखाटली. तिला त्यांनी ‘डायनाबुक’ म्हटले.

कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीने १९७० मध्ये संशोधन केंद्र सुरू केले. तेथे के यांच्या गटाने १९७२ साली ‘स्मॉलटॉक’ ही भाषा तयार केली. तिची प्रत्यक्ष उभारणी मुख्यतः डॅन इंगल्स यांनी केली. मुलांना शिकवण्याच्या कामात अडेल गोल्डबर्ग यांचा वाटा मोठा होता.

लोगोतील कासवाप्रमाणे येथेही पडद्यावर एक आकृती होती. गोल्डबर्ग यांनी ती एका चौकोनाची ठेवली आणि त्याला ‘ज्यो’ हे नाव दिले. मुलांनी ज्योला संदेश पाठवायचा. ज्यो, ३० अंश वळ. ज्यो, मोठा हो. मग दुसरा चौकोन करायचा, जिल. जिलला वळायला सांगितले तर जिलच वळते, ज्यो जागचा हलत नाही. दोघांना वळता येते, कारण दोघे चौकोनच आहेत. पण प्रत्येकाचा कोन आणि आकार ज्याचा त्याच्याजवळ. क्लास आणि ऑब्जेक्ट यांतील फरक व्याख्येवाचून मुलांच्या ध्यानात येत असे. विशेष म्हणजे या पहिल्या स्मॉलटॉकमध्ये इनहेरिटन्सची सोय नव्हती. ती १९७६ सालच्या आवृत्तीत आली. मुलांचे तिच्यावाचून काही अडले नाही.

जवळच्या शाळेतील मुलांनी जे केले ते पाहण्यासारखे होते. बारा वर्षांच्या एका मुलीने चित्र रंगवण्याचा प्रोग्रॅम लिहिला. पुढे एका विद्यार्थिनीने तर स्वतःच इतर मुलांचा छोटा वर्ग घेतला. या प्रयोगांचे वृत्त के आणि गोल्डबर्ग यांनी १९७७ साली प्रसिद्ध केले आणि त्याची सर्वत्र वाहवा झाली.

सतरा गोष्टी

येथे ही कथा संपवली तर ती ऐकायला गोड वाटेल, पण शिक्षकांच्या कामाची होणार नाही. पुढचा भाग के यांनीच १९९३ साली मोकळेपणाने लिहून ठेवला आहे.

त्यांनी आपल्या केंद्रातील सुमारे वीस प्रौढांचा वर्ग घेतला. यांतील कोणीही प्रोग्रॅमर नव्हते. सुरुवातीचा भाग त्यांनी मुलांपेक्षाही लवकर आत्मसात केला. मग त्यांच्यापैकीच एकाने एक साधा प्रकल्प सुचवला. नावे, पत्ते आणि फोन क्रमांक यांच्या कार्डांची पेटी संगणकावर करायची. दोन पानांपेक्षाही लहान प्रोग्रॅम. कोणालाही तो जमला नाही. त्या रात्री के यांनी स्वतः तो लिहिला आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर समजावून दिला. तरीही नंतर कोणाला तो आपला आपण करता येईना.

के फळ्याकडे पाहत बसले आणि त्या छोट्याशा प्रोग्रॅममध्ये सहज न सुचणाऱ्या कल्पना किती आहेत, ते त्यांनी मोजले. त्या १७ निघाल्या. त्यांतील काही बांधकामातील कमानीसारख्या होत्या. कमान एकदा पाहिली की सोपी वाटते, पण आपली आपण शोधून काढणे महाकठीण. मुलांच्या यशाकडेही त्यांनी मग नव्याने पाहिले. ती चमकदार उदाहरणे थोड्याच मुलांची होती. भाषेची अक्षरे आली म्हणजे निबंध लिहिता येतो असे नाही. त्यासाठी चांगले निबंध वाचावे लागतात आणि रचना शिकावी लागते. प्रोग्रॅमिंगचेही तेच होते.

मला वाटते, या विषयाच्या इतिहासात शिक्षकांसाठी याहून मोलाचा प्रसंग नाही. भाषेच्या निर्मात्याने शिकवले, विद्यार्थी हुशार होते, आणि तरीही अडले. ज्या मुलाला आपण कच्चा म्हणतो तो अडतो, त्याच जागी तेही अडले होते.

कारखान्यातून वर्गाकडे

मग आजचा क्रम आला कोठून? डेन्मार्कचे बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिज विद्यापीठात पीएच.डी.च्या कामासाठी सिम्युला वापरली. विचार मांडायला ती त्यांना फार सोयीची वाटली, पण त्यांच्या कामाच्या मानाने ती फार मंद चालली. १९७९ साली ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आले आणि वेगवान अशा सी भाषेला सिम्युलाचे क्लास जोडण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९८३ मध्ये या भाषेला ‘सी प्लस प्लस’ हे नाव मिळाले आणि १९८५ मध्ये ती बाजारात आली. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीची जावा आली. मोठमोठे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या व्यावसायिकांसाठी या भाषा वरदान ठरल्या.

उद्योगात ज्याला मागणी, तेच अभ्यासक्रमात आले. आपल्याकडे महाराष्ट्राच्या बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस अनेक वर्षे शिकवली गेली. व्यावसायिकाला आधीच प्रोग्रॅमिंग येत असते. त्याला नवी भाषा काय देते एवढे सांगितले की पुरे. चार मोठ्या शब्दांची यादी त्याला उपयोगी पडते, कारण त्या शब्दांमागचा अनुभव त्याच्याजवळ असतो. तीच यादी नवशिक्याच्या हाती पडली आणि पाठांतराचा विषय झाली.

ही उणीव अनेकांना जाणवली. १९९९ च्या सुमारास मायकेल क्योलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी जावा शिकणाऱ्यांसाठी ‘ब्लूजे’ तयार केले. त्यात पडद्यावर ऑब्जेक्ट निर्माण करून, आधी एकही ओळ न लिहिता, त्याला काम सांगून पाहता येते. २००७ मध्ये एमआयटीने मुलांसाठी आणलेल्या ‘स्क्रॅच’च्या पहिल्या आवृत्त्या तर स्मॉलटॉकच्याच एका वंशजावर बांधलेल्या होत्या. स्क्रॅचमधील मांजराला आणि चेंडूला स्वतंत्र आज्ञा देणारा, एकाकडून दुसऱ्याला संदेश पाठवणारा सातवीतला मुलगा ऑब्जेक्ट वापरतच असतो. त्याला ते नाव माहीत नसते एवढेच.

वर्गात काय करावे?

एक तास संगणकाविना घेऊन पाहावा. विषय शाळेचे ग्रंथालय. मुलांना भूमिका द्याव्यात आणि एकच नियम घालावा: प्रत्येकाने आपल्या कार्डावर लिहिलेलीच माहिती जाणायची, दुसऱ्याचे कार्ड पाहायचे नाही, हवे ते विचारायचे.

प्रश्न लगेच सुरू होतात. ‘श्यामची आई’ या पुस्तकाच्या ग्रंथालयात पाच प्रती आहेत. मग कार्ड एक की पाच? लेखकाचे नाव पाचही कार्डांवर लिहायचे का? फाटलेले पान एकाच प्रतीचे आहे, ते कोणाच्या कार्डावर? थोड्या चर्चेनंतर मुले म्हणतात की ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथपालांना हे केव्हाच ठाऊक आहे. म्हणून तर प्रत्येक प्रतीला वेगळा दाखल क्रमांक असतो. पुढचा प्रश्न याहून अवघड: परत करण्याची तारीख कोणाला माहीत असावी? प्रतीला की सभासदाला? मागच्या महिन्यात हीच प्रत कोणी नेली होती, हे विचारले की दोन्ही उत्तरे अपुरी पडतात. ‘देवघेवीची नोंद’ हीच एक स्वतंत्र वस्तू मानावी लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्याजवळ माहिती आहे आणि तिला काम आहे.

के यांनी मोजलेल्या सतरा गोष्टी याच जातीच्या असतात. त्या व्याख्येत सापडत नाहीत, उदाहरणात सापडतात. आणि त्या मुलांनी स्वतःच शोधाव्यात असा हट्टही धरू नये. कमान दाखवावी लागते. एक चांगला लिहिलेला छोटा प्रोग्रॅम मुलांपुढे ठेवावा, तो मोठ्याने वाचावा, त्यात थोडा बदल करायला सांगावा. स्वतः नवा लिहिणे त्यानंतर. इनहेरिटन्सचा तास तर तेव्हाच घ्यावा, जेव्हा एखादा विद्यार्थी कंटाळून म्हणेल, ‘सर, मासिकाच्या कार्डावर पण हेच सगळे परत लिहायचे का?’ १९६६ साली ऑस्लोत हाच प्रश्न पडला होता.

दाल आणि न्यूगोर यांना त्यांच्या कामासाठी २००१ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. २००२ च्या उन्हाळ्यात, काही आठवड्यांच्या अंतराने, दोघेही निवर्तले. २००३ सालचे पारितोषिक ॲलन के यांना देण्यात आले. पुलावरच्या रांगेचे नीट वर्णन कसे करावे, एवढ्या साध्या प्रश्नापासून ही वाट निघाली. आपल्या वर्गातही ती तेथूनच सुरू करता येईल.